हळदीचा अंगठा

नवरात्र निम्मं सरलं की आमच्या चाकणच्या कंपनीत साफसफाई निघते. वर्षभर तेलाच्या चिकट थरात उभी असलेली मशीनं रॉकेलच्या बोळ्यांनी पुसली जातात, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या नव्याने रंगवल्या जातात आणि फोर्कलिफ्टच्या पुढच्या दांड्यांना कुणीतरी दोन दिवस आधीच झेंडूची माळ बांधून मोकळा होतो. बाहेर ऑक्टोबरचा चटका असतो. मोशीच्या चौकात बस अडकली की खिडकीतून धूळ आणि फुलांचा तो कडवट वास एकदमच आत येतो. खंडेनवमी जवळ आली, हे मला कॅलेंडरआधी नाकाला कळतं. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं ते धुऊन-पुसून पुजायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, असा हा सण. आमच्या पट्ट्यात त्याचा थाट दिवाळीला खाली बघायला लावणारा.

माझं सध्याचं हत्यार तळहातात मावतं. दिसायला घड्याळासारखं, खाली एक बोथट सुई. रबरावर टेकवून दाबलं की काटा सरकतो आणि रबर किती कडक आहे ते कळतं. गाडीच्या इंजिनाखाली जे रबरी बुश बसतात, ते मी टेस्टिंग लॅबमध्ये बसून दाबून बघते. चांगली नोकरी आहे, वेळेवर घरी येते, तक्रार नाही. सगळे मला डॉक्टर मॅडम म्हणतात. नवीन आलेला एखादा ऑपरेटर अजूनही आपली सर्दी घेऊन माझ्या टेबलाशी येतो. त्याला मी सांगते, बाबा रे, मी माणसांची नाही, पेशींची डॉक्टर होते. त्यातलं ‘होते’ म्हणताना आवाज जरा खाली जातो, तो मला एकटीलाच ऐकू येत असावा.

सात वर्षांपूर्वीच्या नवरात्रात मी पोस्टडॉक होते. म्हणजे काय, हे मी आईला अनेकदा समजावलं. शिक्षण संपलेलं असतं, नोकरी लागलेली नसते आणि मधल्या दोन-तीन वर्षांत आपण जे शोधायला जन्मलो ते शोधून दाखवायचं असतं. आई म्हणाली, “म्हंजी परमनंट न्हाई. ट्रेनिंगवर हायेस.” इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुणाकडूनच मिळाली नाही.

पुण्यातल्या एका संस्थेत माझं काम चालायचं. निगडीच्या स्टॉपवरून सकाळी बस पकडायची, डब्यातली भाजी हलू नये म्हणून तो मांडीवर आडवा धरायचा आणि तासाभराने तिथल्या थंडगार अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकासमोर बसायचं. मी बघायचे ते असं: पेशीला डोळे नसतात, कान नसतात, पण पायाखाली काय आहे ते तिला कळतं. मऊ पृष्ठभागावर ठेवली तर ती अंग चोरून गोल बसते. कडक पृष्ठभागावर ठेवली तर हातपाय पसरते, खाली घट्ट पकड घेते आणि ओढून बघते. तिच्या आत बारीक धागे असतात, ते ताणले जातात. आणि बराच काळ कडक जागी राहिलेली पेशी नंतर मऊ जागी आणून ठेवली, तरी ती काही दिवस कडक जागेसारखीच वागत राहते. जुनी जमीन तिच्या लक्षात असते. किती दिवस? कुठे साठवते ती ही आठवण? माझा सगळा प्रश्न एवढाच होता. तो प्रश्न मनात घेऊन मी बसमध्ये उभी राहायचे, रांगेत उभी राहायचे, आणि मला कशाचाच कंटाळा यायचा नाही. त्या दिवसांचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर हे कंटाळा न येणं.

या कामाला सिलिकॉनच्या पातळ, पारदर्शक चकत्या लागत. दोन द्रव कालवायचे, साच्यात ओतायचे, भट्टीत भाजायचे. एक द्रव कमीजास्त केला की चकती मऊ किंवा कडक होते. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात आमची भट्टी एका कोपऱ्यात जास्त तापायची, त्यामुळे एकाच घाण्यातल्या चकत्या वेगवेगळ्या निघायच्या. कुठली किती मऊ ते मोजणारं यंत्र होतं, पण ते त्या पावसाळ्यात दुरुस्तीला गेलं ते बरेच दिवस आलंच नाही. सर, म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख, रोज “येईल, येईल” म्हणायचे.

घरी आईचं रबर कटिंगचं काम चालू असायचं. निगडीत ओटा स्कीममधलं आमचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातली बाहेरची खोली गोण्यांची. दर दोन दिवसांनी टेम्पो यायचा, रबराच्या वॉशरांनी आणि बुशांनी भरलेल्या गोण्या टाकून जायचा. साच्यातून निघालेल्या प्रत्येक नगाच्या कडेला जादा रबराचा पापुद्रा राहिलेला असतो, तो कात्रीनं गोल फिरवून कापायचा. वडील गेल्यावर आईनं हे काम धरलं. माझं शाळेपासून पीएचडीपर्यंतचं सगळं शिक्षण त्या पापुद्र्यांच्या ढिगाऱ्याशेजारी झालं. आईच्या केसांना रबराचा वास यायचा. मला तो शाळेत नकोसा वाटायचा, आणि आता कंपनीत गोणी उघडली की मी क्षणभर तशीच उभी राहते.

एकदा मी माझ्या चकत्या एका स्टीलच्या डब्यात घालून घरी आणल्या. त्यांच्यावर नंबर टाकत बसले होते. आईनं कात्री खाली ठेवली, हात धुतला आणि एक चकती उचलून अंगठ्यानं दाबली. मग दुसरी. मग पहिली पुन्हा.

“ह्यो कच्चा राहिलाय,” ती म्हणाली. “ह्यो करपाय आला हुता. ह्यो बरा हाय.”

“तुला कसं कळलं?”

“कसं म्हंजी? अंगठ्याला कळतं. कच्चा माल दाबला की परत वर याला येळ लावतोय.”

मी हसले. पण मग सगळा डबाच तिच्यापुढे सरकवला. तिनं ताटात तीन ढीग केले: मऊ, मधला, कडक. मी नंबर लिहून घेतले. पंधरा दिवसांनी ते यंत्र आलं, मी गुपचूप सगळ्या चकत्या त्याच्यावर मोजल्या. एक सोडली तर सगळ्या आईच्या ढिगांप्रमाणे निघाल्या. सरांना मी काही सांगितलं नाही. शोधनिबंधात ‘मोजमापाची पद्धत’ म्हणून एक रकाना असतो, तिथे ‘आईचा अंगठा’ कसं लिहिणार?

त्यानंतर ते नेमाचंच झालं. यंत्र एका चकतीला पाऊण तास घ्यायचं, आई पाऊण मिनिटही घ्यायची नाही. संध्याकाळी मी डबा आणायचे, ती अंगठ्यानं निवडायची, मग मी त्या साबणानं, स्पिरिटनं धुऊन कामाला घ्यायचे. एका पाटावर तिच्या गोणीतले काळे बुश, दुसऱ्यावर माझ्या काचेसारख्या चकत्या. मधे चहाचे कप. कधी ती विचारायची, “तुझ्या त्या पेशींना आज कडक दिलंस का मऊ?” शेजारच्या घरी काय भाजी केली, असं विचारावं तसं. मला वाटतं, माझ्या संशोधनाबद्दल इतक्या आपुलकीनं दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही. माझी सगळी भाषा तिला कळत नव्हती. पण मऊ आणि कडक या दोन शब्दांपुरती आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या होतो, आणि तसं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर माझी मुदत संपत होती. मुदतवाढ हवी तर हातात काहीतरी पक्कं हवं. शेवटचा एक प्रयोग मी नवरात्राभोवती बेतला. पेशी तीन आठवडे कडक चकत्यांवर वाढवून तयार होत्या, आता त्यांना मऊ चकत्यांवर हलवायचं आणि बघायचं. त्यासाठी आईनं निवडलेल्या सगळ्यात चांगल्या चकत्या मी डब्यात वेगळ्या ठेवल्या. खंडेनवमीला संस्था बंद होती. दसऱ्याला सुट्टी असूनही सकाळी मी डबा उचलला आणि गेले.

खंडेनवमीला आईनं काय केलं, ते मला नंतर कळलं. मी त्या दिवशी मैत्रिणीकडे होते. आईनं कात्र्या घासल्या, धार लावायचा दगड धुतला, वडिलांचे नट आवळायचे पाने पेटीतून काढले, सगळं पाटावर मांडलं आणि शेजारी माझा डबा उघडून माझ्या चकत्याही मांडल्या. कटिंगवाल्या बायकांची एक रीत आहे. त्या हत्याराला करंगळीशेजारच्या बोटानं हळदकुंकू लावत नाहीत. अंगठा ओल्या हळदीत बुडवतात आणि त्याचा ठसा हत्यारावर उमटवतात. ज्या बोटानं काम, त्याच बोटानं पूजा. तसे तिनं माझ्या एकेका चकतीवर ठसे उमटवले. आणि तिला ठाऊक होतं, मला स्वच्छ लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या, पदरानं कोरड्या केल्या आणि होत्या तशा डब्यात रचून ठेवल्या. मला दिसायला काही उरलंच नव्हतं.

पण हळद सिलिकॉनमध्ये मुरते. प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा आमटी ठेवली की तो जन्माचा पिवळा होतो, तसंच. साबण, स्पिरिट, कशाला दाद देत नाही. पातळ चकतीत तो पिवळेपणा डोळ्यांना जाणवत नाही. मात्र निळ्या प्रकाशाखाली हळद हिरवी चमकते. आणि मी पेशींमधल्या ताणलेल्या धाग्यांना जो रंग देत होते, तोही नेमका हिरवाच चमकणारा होता.

चकत्या धुऊन, त्यांवर पेशी सोडून दोन-तीन तासांनी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, तर सगळीकडे हिरवे जाडजूड पट्टे. पेशी त्या पट्ट्यांत बुडून गेलेल्या. एक चकती, दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. हे पट्टे आहेत तरी काय म्हणून मी लहान लहान चित्रं घेऊन एकाला एक जोडत गेले. दुपार टळली तेव्हा पडद्यावर एक अख्खा अंगठा होता. गोल गोल रेषा, आणि त्यांना तिरकी छेदून जाणारी एक रिकामी फट. मी सहावीत असताना आईच्या अंगठ्यात कात्री घुसली होती, त्याची ती खूण. ओळख पटवायला आणखी काही नको होतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई दारात आपट्याची पानं घेऊन उभी होती. “सोनं घे, सुजे,” म्हणाली. मी पानं घेतली नाहीत.

“आई, तू माझ्या चकत्यांना हळद लावलीस?”

“लावली की. नवमी हुती. हत्यार हाय न्हवं तुझं?” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “पुसली पन मी. चांगली पुसली.”

“किती अडाणी आहेस गं तू! तीन आठवड्यांचं काम मातीत घातलंस. माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावू नकोस.”

हे मी बोलले. शब्द न् शब्द हेच. आई एवढंच म्हणाली, “बरं.” आणि पानं देवापुढच्या ताम्हनात ठेवून आत गेली.

मुदतवाढ मिळाली नाही. पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना सांगत होते, की हळदीनं माझं करिअर बुडवलं. ऐकणारे हसायचे, मीही हसायचे. खरं सांगायचं तर सरांनी ऑगस्टमध्येच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की निधी संपलाय, तू दुसरीकडे बघायला लाग. तो प्रयोग सोन्यासारखा जमला असता तरी मला जावंच लागलं असतं. मी ते ऐकलं होतं आणि ऐकलं नव्हतं. मग दोष द्यायला एक पिवळा अंगठा सापडला. माझ्याहून वयानं, कष्टानं मोठ्या बाईला अडाणी म्हणताना मला आदल्या महिन्यातले तिचे ते तीन ढीग आठवले नाहीत.

आईनं तो शब्द कधी उकरून काढला नाही. भांडली नाही, रुसली नाही. फक्त माझ्या वस्तूंना हात लावणं बंद केलं. लॅपटॉप टेबलावर असला तर ती त्याच्या चारी बाजूंनी फडकं फिरवायची आणि मधली धूळ तशीच ठेवायची. माझी पर्स खाली पडली तर हाक मारायची, “सुजे, तुझी पर्स पडलीय बघ.” खंडेनवमीला पाटावर कात्र्या असतात, पाने असतात, गेल्या वर्षीपासून माझी स्कूटरसुद्धा दारात पुजली जाते, कारण तिच्यावर आईही बसते. पण एका वर्षी माझं ते घड्याळासारखं यंत्र मी मुद्दाम घरी आणलं, पाटाशेजारी ठेवलं, तरी तिनं त्याला वळसा घातला. “तुझं तू लाव,” म्हणाली. मी लावलं. माझ्या बोटानं ते नुसतं हळदकुंकू झालं. सात वर्षं मी वाट बघत होते, की कधी तरी ती विसरेल आणि सवयीनं माझं काहीतरी उचलेल. पेशींबद्दल मला जे शोधायचं राहून गेलं, ते घरात रोज समोर दिसत होतं. जमीन मऊ झाली म्हणून कुणी लगेच विसरत नाही.

यंदा घटस्थापनेनंतर चार दिवसांनी आम्ही दोघी रेशन दुकानात गेलो. शिधापत्रिकेवरच्या प्रत्येकानं येऊन मशीनवर अंगठा द्यायचा होता. माझा एका फटक्यात लागला. आईचा लागेना. दुकानदार म्हणाला, “मावशी, पुसून लावा.” तिनं पदराला पुसून लावला. “आता जोरात दाबा. आता हलका. बरं, डावा द्या.” मागे रांग कुरकुरायला लागली. दुकानदारानं तिचा हात हातात घेऊन उजेडात धरला.

“मावशी, रेषाच नाहीत ओ तुमच्या अंगठ्याला. सगळं गुळगुळीत झालंय.”

“हुत्या की,” आई म्हणाली. “काम हुतं तवर हुत्या.”

डोळ्यांवरून माणूस ओळखणारं मशीन पुढच्या आठवड्यात येणार होतं, तेव्हा या म्हणाला. घरात आल्यावर आई खिडकीशी बसली आणि दोन्ही अंगठे आलटून पालटून बघत राहिली. गोण्या येणं बंद होऊन आता दोन वर्षं झालीत. बोटं बधिर होतात म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं. मी सहज म्हणून कंपनीतले दोन बुश पर्समधून काढून तिच्या हातात दिले. यातला मऊ कुठला? तिनं दाबले, पुन्हा दाबले. “न्हाई कळत गं,” म्हणाली. “अंगठा लाकडावानी झालाय.” मग हसत म्हणाली, “मशीन तरी काय करंल. त्याच्या लेखी मी न्हाईच.”

मी उठले आणि माळ्यावरच्या खोक्यातून जुनी हार्डडिस्क काढली. त्यात एक फोल्डर होतं. नाव ‘खराब’. शास्त्रात बिघडलेला प्रयोगही टाकून द्यायचा नसतो, म्हणून ठेवलेलं. लॅपटॉप आईच्या मांडीपुढे ठेवला आणि ते जोडलेलं चित्र उघडलं. काळ्याभोर पडद्यावर हिरव्या रेषा उजळल्या. एकात एक वळसे आणि त्यांना कापणारी ती तिरकी फट.

आई वाकली. मग तिनं आपला उजवा अंगठा पडद्याशेजारी नेला. तिथली जखमेची खूण तेवढी अजून आहे. ती इकडे बघायची, तिकडे बघायची.

“ह्यो माझा हाय?”

“तुझाच. त्या नवमीचा.”

“आन् ह्ये दाणं दाणं काय?”

“त्या पेशी. तुझ्या रेषांवर बसल्यात.”

“जित्या हुत्या?”

“हो. मजेत होत्या.”

ती पुन्हा चित्राकडे वळली. म्हणाली, “एवढं चांगलं दिसत हुतं, तर वरडलीस कशापायी?”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. म्हटलं, “अडाणी होते, आई.” लॅपटॉप बंद करायला हात माझ्याआधी तिनं पुढे केला, आणि झाकणावरची सात वर्षांची धूळ दिसल्यावर पदरानं पुसली.

काल खंडेनवमी झाली. सकाळी पाटावर कात्र्या होत्या, दगड होता, पाने होते. मी आंघोळ करून आले तो माझा लॅपटॉपही तिथे होता आणि शेजारी ते रबर दाबायचं यंत्र. मी तिथे ठेवलं नव्हतं, ते माझ्या पर्समध्ये होतं. आईनं वाटीत हळद कालवली, अंगठा बुडवला आणि माझ्याकडे बघितलं.

“लावू न्हवं? मागनं बोंबलशील.”

“लाव.”

तिनं लॅपटॉपच्या झाकणावर अंगठा टेकवला, चांगला दाबून धरला आणि उचलला. मग आम्ही दोघींनी वाकून बघितलं. पिवळाधमक, गोल ठसा उमटला होता. मधे ती तिरकी फट होती. रेष एकही नव्हती.

“पुसू का?” आईनं विचारलं.

मी तिचा हात धरून ठेवला.